हॉलंडच्या पाण्याचा ठराव

मी हॉलंडला जाणार ही बातमी लातूर-नांदेड रस्त्यावर सगळ्यांना कळली, कारण आमचे दादा, म्हणजे वडील, त्या रस्त्यावर एसटीचे कंडक्टर होते.

मी तेव्हा परभणीला शेतीच्या अर्थशास्त्रात एम.एस्सी. करत होते. हॉलंडमध्ये शेती धोरणाचं काम करणारी एक कचेरी होती. कुठल्या देशात काय पिकतं, कुणी कुणाला काय विकावं, दुष्काळात सरकारांनी काय करावं, असे तिथले विषय. उन्हाळ्यात शिकाऊ म्हणून काम करायला ते देशोदेशीचे विद्यार्थी बोलवायचे. आमच्या सरांनी अर्ज भरायला लावला, मी भरला आणि विसरून गेले. मग एक दिवस निवड झाल्याचं पत्रच आलं. येणंजाणं, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणाच्या तोंडी नव्हता. मी 'ट्रेनिंग' म्हणायची. वस्तीतले लोक सरळ 'विलायत' म्हणायचे.

दादा तिकिटाबरोबर बातमी द्यायचे.

"अहमदपूर एक? हे घ्या. माझी पोरगी हॉलंडला जाऊन राहिली."

"कुठं?"

"हॉलंड. विमानानं. आत सरका जरा, दारात थांबू नका."

सुट्ट्या पैशांवरून भांडायला उठलेला माणूससुद्धा हे ऐकून खाली बसायचा. अहमदपूरला उतरणारा बातमी अहमदपुरात न्यायचा, लोह्याला उतरणारा लोह्यात. आठवड्याभरात नांदेडच्या स्टँडवरचा चहावाला तिकडं गेलेल्या आईला म्हणाला, "तुमची पोरगी जाऊन राहिली म्हणे. मग तिथली बस कशी असती, विचारा बरं."

त्यात आमचा लातूर जिल्हा उस्मानाबादातून फुटून नवा झालेला. नव्या घराच्या भिंती कशा रिकाम्या असतात आणि काहीतरी लावावंसं वाटतं, तसं सगळ्यांचं झालं होतं. नव्या जिल्ह्यातला पहिला अमका, नव्या जिल्ह्यातली पहिली तमकी, अशा शोधात लोक फिरत होते. मी त्यांना आयती सापडले आणि सत्कार सुरू झाले.

दुष्काळाचं साल होतं. लातुरात टँकर आला की गल्लीभर घागरींची रांग लागायची. फुलं तर औषधालाही नव्हती. त्यामुळं हार कुठं सुताचे, कुठं रंगीत कागदाचे. शाली मात्र मुबलक. मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या सभागृहात, लोकरीची शाल अंगावर घेऊन मी तासतासभर भाषणं ऐकत बसायची. घाम इतका यायचा की कागदी हाराचा जांभळा रंग गळ्याला लागायचा. एका ठिकाणी वक्ते हात उंच करून म्हणाले, "आपल्या नव्या जिल्ह्याची ही पहिली परदेशी कन्या!" शेजारी बसलेली आई दचकली. दुसऱ्या ठिकाणी मी पोलंडला चालले होते, तिसऱ्या ठिकाणी न्यूझीलंडला. दादा प्रत्येक वेळी पहिल्या रांगेतून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हॉलंड. हॉ. हॉ." लोकांना वाटायचं ते हसतायत, मग लोकही हसायचे.

नारळ इतके जमले की आमच्याकडं रोजच्या आमटीत खोबरं पडायला लागलं.

एवढं सगळं होऊन मी मुंबईला पोचले, तर व्हिसाच्या कागदांत एक कागद कमी. तो हॉलंडहून टपालानं यायचा होता. "आला की कळवू, तोवर घरी जा," असं वकिलातीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मी बॅग उचलली आणि परत लातूरची एसटी धरली.

दारात दादा उभे.

"विमान चुकलं?"

"न्हाई दादा. एक कागद कमी पडला. तीन-चार आठवडे लागतील."

दादा मटकन खाटेवर बसले. "अगं, मी काल सगळ्या गाडीला सांगून बसलो, आता पोरगी समुद्रावर असंल म्हणून."

मला रडू येत होतं, पण दादांचं तोंड बघून हसूही यायला लागलं. आईला मात्र काही हसू येत नव्हतं. "एवढ्या शाली घेतल्यात लोकांच्या," ती म्हणाली. "कागद येईस्तोवर बाहेर पडू नको."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भुसार लाइनीतले एक शेठजी घरी आले. माझ्या सत्कारातली सगळ्यात जाड शाल त्यांची. गळ्यातला इष्टलिंगाचा करंडा नीट करत ते ओट्यावर ऐसपैस बसले आणि मी आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं शिरले.

"पोचली का पोरगी?"

"पोचलीच असंल," आई म्हणाली.

"तिथं थंडी लई म्हणतात. माझी शाल कामाला येत असंल बघा."

कणगीमागं ज्वारीची धूळ. मी नाक दाबलं, ओठ चावले. आईला अंदाज आला असावा, तिनं उगाच दोन पातेली एकमेकांवर आपटली. पण शिंक ती शिंकच, नेमकी पातेली थांबल्यावर आली.

"कोण हाय आत?"

"मांजर हाय."

शेठजींनी चहाचा घोट घेतला. "मांजराला सर्दी झालीया वाटतं. दूध गार देत जाऊ नका."

त्या रात्रीच ठरलं की मला मावशीकडं धाडायचं. मावशी निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथल्या शाळेत मुख्याध्यापक. दादांची गाडी तिकडं जात नव्हती आणि सत्काराची लाट तिथवर पोचली नसावी, असा आमचा हिशोब.

हिशोब बसमध्येच चुकला. मी डोक्यावरून पदर ओढून खिडकीशी बसले होते. कंडक्टरनं तिकीट देताना वाकून बघितलं.

"ताई, तुमी आमच्या लातूरच्या मास्तरांची पोरगी न्हाई का? तुमी तर हॉलंडला गेल्तात की!" एसटीतले लोक एकमेकांना मास्तर म्हणायचे.

"अजून गेले न्हाई."

"असं कसं? त्यांनी तर विमान उडालं म्हणून सांगितलं." त्यानं क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे परत आलात! लई जल्दी आलात की!"

मी न्हाई न्हाई म्हणेपर्यंत तो पुढच्या बाकड्यावर गेला होता आणि तिथं सांगत होता, की विमानाचं असंच असतं, गेलं काय अन् आलं काय.

मी उतरून बॅग घेऊन चालत घरी पोचेपर्यंत बसमधली पोरं पुढं पळाली होती आणि मावशीच्या अंगणात माणसं बसली होती, हॉलंड बघून आलेल्या मुलीला बघायला.

काकांना खरं काय ते सांगितलं. ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. "गेलेली काय, जाणारी काय, विषय तर तोच ना? उद्या संध्याकाळी व्याख्यान ठेवू."

"काका, मी काय सांगू? मी काहीच बघितलं न्हाई."

"पुस्तकात वाचलंस की न्हाई? मी पोरांना हिमालय शिकवतो. मी कधी गेलोय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयंतीच्या मंडपाचा स्पीकर बाहेर काढला गेला. शाळेसमोरच्या लिंबाखाली सगळं गाव जमलं, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, पोरं झाडावर. मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं, "मी अजून हॉलंडला गेलेले नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी नंतर म्हणाली की सगळ्यांना माझा विनय फार आवडला.

मग कॉलेजच्या वाचनालयातल्या जाडजूड कोशात वाचलेलं सगळं मी सांगितलं. तिथल्या गाई, तिथलं चीज, पवनचक्क्या. चीज म्हणजे काय ते समजावताना मी खरवसाचं उदाहरण दिलं, ते चूक होतं हे मला महिन्याभरानं कळलं. इथवर ठीक होतं. मग मी म्हणाले, "त्या देशाची पुष्कळ जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी सारखं आत येतं. म्हणून ते लोक रात्रंदिवस मोठमोठे पंप लावून पाणी उपसतात आणि समुद्रात टाकतात."

सगळी सभा एकदम पुढं वाकली. झाडावरची पोरंसुद्धा.

सरपंच हळूहळू उठले. उंच, सावळे, गळ्यात उपरणं. "टाकतात म्हंजे?"

"म्हणजे फेकून देतात."

"समुद्रात?"

"हो."

"समुद्रात आधी काय कमी हाय का?"

मागून बायांमधून आवाज आला, "अगं बाई, हितं म्हशीला तोंड बुडवायला न्हाई, अन् ही लोकं फेकून राहिलीत!" पलीकडून, हद्दीपलीकडच्या गावातून आलेले एक आज्जा काठी आपटून अर्ध्या कानडीत म्हणाले, "नीरु? पाणी फेकतात? येडे हायेत का काय!" मला उगाच हॉलंडची बाजू घ्यावीशी वाटली. म्हटलं, तसं केलं नाही तर त्यांची घरं बुडतील. पण ते कुणाला पटलं नाही. पाणी जास्त झालं म्हणून कुणाचं काही वाईट होतं, हे त्या साली त्या गावात पटण्यासारखं नव्हतंच.

सरपंचांनी विचार करून मुद्दा मांडला. "त्यांना नको हाय. आपल्याला पायजे. मागून बघायला काय जातंय?"

"आणणार कसं?" काकांनी विचारलं.

यावर तासभर चर्चा झाली. कुणी म्हणालं पाइप टाकावा. कुणी म्हणालं जहाजानं मुंबईपर्यंत आणि पुढं टँकरनं. एक तरुण म्हणाला, रेल्वेनं आणावं. त्याला सगळे इतके हसले की तो उठूनच गेला. पाणी काय रेल्वेनं येतंय होय!

शेवटी काकांनी ग्रामपंचायतीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला. सर्वानुमते ठरले की, हॉलंड देश जे पाणी नाहक समुद्रात टाकत आहे ते त्यांनी आमच्या गावास द्यावे. आणण्याचा खर्च आपसात ठरवावा. मावशीनं दुरुस्ती सुचवली की 'दर उन्हाळ्यास' असं घाला, नाहीतर एकदाच देतील. ती मान्य झाली. सरपंचांनी शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला.

"जाणार हायेस ना परत? मग नेऊन दे."

"अजून पहिल्यांदाच—"

"हाव, हाव. नेऊन दे."

मी शब्द दिला.

राहिलेला कागद आला, व्हिसा मिळाला आणि मी खरोखरच हॉलंडला गेले. या वेळी दादांनी गाडीत कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते?

तिथं पाऊस होता. भर उन्हाळ्यात, रोज, न विचारता. आमच्या विभागाच्या प्रमुख एक खूप उंच बाई होत्या. त्या पावसात सायकलवरून यायच्या, छत्री न घेता, आणि ओल्या केसांनी नायजर देशातल्या दुष्काळावर बैठक घ्यायच्या. मी पहिले दोन आठवडे जगभरातल्या ज्वारीचे भाव एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवले. ज्वारीबद्दल तिथं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी ती खाल्लेली नव्हती. एकदा मी पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात ज्वारी बघितली, आनंदानं घेऊन आले आणि कॉफी दळायच्या यंत्रात दळून वसतिगृहाच्या शेगडीवर भाकरी थापली. भाकरी करपली, धुरानं घंटा वाजली, सगळं वसतिगृह छत्र्या घेऊन रस्त्यावर आलं. करपलेली भाकरी बाईंनी दुसऱ्या दिवशी चावून बघितली आणि म्हणाल्या, "आता मला हा विषय जास्त कळला." खरंच म्हणाल्या की चेष्टेनं, ते त्यांच्या तोंडावरून कधीच कळायचं नाही.

ठराव बॅगेत तसाच होता. द्यायची लाज वाटत होती, पण शब्द दिलेला. शेवटी एकदा कॉफीच्या सुट्टीत मी तो बाहेर काढला आणि हसत हसत इंग्रजीत वाचून दाखवला. वाटलं, सगळे हसतील आणि विषय संपेल.

बाई हसल्या नाहीत. "हा शिक्का ग्रामपंचायतीचा आहे?"

"हो."

"म्हणजे निवडून आलेल्या लोकांनी आपल्याला लेखी विनंती केली आहे."

"हो, पण ते..."

"मग उत्तर द्यावं लागेल. इथं आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जातं."

त्यांनी ठरावावर आवकेचा शिक्का मारला. मग बैठक बोलावली. पाण्याच्या खात्यातले एक म्हातारे इंजिनिअर खास आले. आधी गाव शोधायचं ठरलं, तर त्यांच्या नकाशात लातूर नावाचा जिल्हाच नव्हता. नकाशा जुना होता. तिथं उस्मानाबादच पसरलेलं. मी म्हणाले, आमचा जिल्हा नवा आहे. म्हाताऱ्यांनी मला पेन्सिल दिली. मी उभी राहून आठवेल तशी जिल्ह्याची हद्द काढली, त्यात उदगीर जरा जास्तच मोठं झालं. नांदेडची थोडी जमीनही आमच्याकडं आली असावी.

मग त्यांनी विचारलं, गावात माणसं किती, गुरं किती, गाव समुद्रसपाटीपासून किती उंच. गुरांचा आकडा मी मनानेच सांगितला. उंची मात्र नकाशात होती. त्यांनी बराच वेळ काहीतरी मांडलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं खूप वाईट वाटून बघितलं.

"आमचं हे पाणी बरंचसं खारट असतं," ते म्हणाले. "आणि आम्ही समुद्राच्याही खाली. तुम्ही डोंगरपठारावर. पाणी सबंध रस्ता चढवत न्यावं लागेल. मला माफ करा."

समुद्र खारट असल्याबद्दल माझी माफी मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या शनिवारी ते मला मुद्दाम आपला पंप दाखवायला घेऊन गेले. आमच्या शाळेच्या इमारतीएवढा पंप. कालव्यातलं पाणी एका बाजूनं ओढत होता आणि दुसऱ्या बाजूनं बांधापलीकडं ओतत होता, एका जाड हिरवट धारेत, न थांबता. मला सगळं आधीच ठाऊक होतं, मी त्यावर व्याख्यान दिलेलं होतं. तरी तिथं उभं राहिल्यावर मी नकळत कठड्यातून हात पुढं केला. म्हाताऱ्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं, वाऱ्यानं मी जाऊ नये म्हणून.

उत्तराचा मसुदा लिहायचं काम शिकाऊ माणसाचं, म्हणजे माझंच. आमच्या सरपंचांना हॉलंडच्या वतीनं मी पत्र लिहिलं. बाईंनी ते चार वेळा दुरुस्त केलं. 'नाहक' या शब्दावर त्यांचं म्हणणं होतं की पाणी नाहक टाकलं जात नाही, हे नम्रपणे कळवावं. पाणी खारट आहे हेही लिहिलं. शेवटी सुचवलं होतं की गावाच्या जमिनीखालच्या पाण्याची तपासणी व्हावी. आणि खाली, माहितीसाठी प्रत, जिल्हाधिकारी, लातूर.

मी परत येईपर्यंत पत्र गावात पोचलं होतं. काकांनी ते शाळेच्या ओट्यावर उभं राहून मराठीत वाचलं, असं मावशीनं सांगितलं. 'आम्हाला अत्यंत खेद होतो' या ओळीपाशी सरपंचांनी त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावलं. "बघा," ते लोकांना म्हणाले, "एवढा मोठा देश, खेद झाला म्हणतो."

प्रत जिल्ह्याच्या कचेरीतही गेलीच होती. सरपंचांना बोलावणं आलं. ते धुतलेलं धोतर नेसून गेले.

"तुम्ही हॉलंडकडं पाणी मागितलं?" साहेबांनी विचारलं.

"हाव."

"आमच्याकडं का नाही मागितलं?"

"मागितलं की. बोअरसाठी कवाच अर्ज टाकला." सरपंचांनी खिशातून नक्कल काढली.

साहेबांनी नक्कल वाचली आणि खुर्चीला टेकून हसायला लागले. अर्जावर पत्ता उस्मानाबादचा होता. जिल्हा नवा झाला तरी गावाचा हात जुन्याच पत्त्यावर चालत होता. हॉलंडनं मात्र पत्ता बरोबर लिहिला होता.

सरपंचांनी तिथंच बसून नवा अर्ज लिहिला. दिवाळीच्या आधी जमीन बघणारा माणूस आला, मग बोअरची गाडी आली आणि ओढ्याच्या कडेला पाणी लागलं. फार नाही, पण लागलं. हापसा बसला.

मी गेले तेव्हा मावशीनं मला आधी हापशावर नेलं. बायांची रांग होती, पण मला पुढं केलं. मी दांडा दाबला. दोनदा नुसती हवा आली, मग धार. काठीवाले आज्जा तिथंच दगडावर बसलेले होते. त्यांनी ओंजळ भरून घोट घेतला, तोंडात घोळवला.

"खारट न्हाई," ते म्हणाले. "गाळून पाठवलं जणू."

मी समजावायला लागले, की हे पाणी इथलंच, तुमच्याच जमिनीखालचं, हॉलंडचा यात काही संबंध नाही. आज्जा मान हलवत ऐकत होते आणि दुसरी ओंजळ भरत होते. काकांनी मला बाजूला घेतलं. "राहू दे. पितायत ना?"

पुढच्या वर्षी एम.एस्सी. झाल्यावर मी नांदेडला एका सरकारी नोकरीच्या मुलाखतीला गेले. टेबलापलीकडं तिघं. मधल्यांनी माझा अर्ज चाळला आणि भुवया वर केल्या.

"हॉलंडला होता? तिथं नेमकं काय काम केलंत?"

खूप काही सांगायचं मी पाठ करून गेले होते, आंतरराष्ट्रीय धोरण वगैरे. तोंडून वेगळंच निघालं.

"आलेल्या अर्जाला उत्तर दिलं."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग हरकत नाही," मधले म्हणाले. "इथंही तेच काम आहे." आणि त्यांनी शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितला.